वावरातलं देवाचं देणं पाहायचं कसं?

देवानं किती दिलंय, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. पण नेमकं काय दिलंय, असं एखाद्या पोरानं विचारलं की हवा, पाणी आणि ऊन यापुढे गाडी सरकत नाही. भजनी मंडळं, संस्कार वर्ग, शाळा मुलांना घेऊन वावरात, म्हणजे शेतात, जातात. फोटो निघतात, एखादं भजन होतं, पोहे खाऊन मंडळी परततात. काय पाहिलं म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, ‘लय छान होतं, सगळं हिरवंगार.’

यात भक्ती कमी पडत नाही, क्रम चुकतो. आभार आधी होतात, पाहणं राहून जातं, मोजण्याचं तर कुणाच्या मनातही येत नाही. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. आभार शेवटच्या टप्प्यात आहेत आणि ते तिथंच राहू द्या. जे पाहिलंच नाही त्याचे आभार तोंडदेखले होतात.

## आधीची तयारी

जागा एकच ठरवा. घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर असलेली, रोज जाता येईल अशी. स्वतःच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, उत्तम. वावर नसेल तर देवळामागचा उंबर, विहिरीचा काठ, शाळेच्या आवारातला कोपरा, भंडारा-गोंदियाकडे मामा तलावाची (माजी मालगुजारी तलावाची) पाळ, काहीही चालेल. ताडोबा, चिखलदरा, लोणार या जागा या कामाला घेऊ नका. तिथं वर्षातून एकदा जाणं होतं आणि पाहुणा म्हणून होतं. इथं त्याच जागेला सगळ्या ऋतूंत भेटायचं आहे.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. मार्च ते जून सकाळी आठच्या आत घरी परत. आपल्या विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन भक्ती पाहून सोडत नाही. पावसाळ्यात उघडीप पाहून जा. हिवाळ्यात दव वाळायच्या आधी गेलात तर कोळ्यांची जाळी दिसतील, ती नंतर नजरेला येत नाहीत.

सोबत घ्यायचं सामान: वही, शिसपेन्सिल, फुटपट्टी, थोडा पांढरा सुती दोरा, पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा, पायात बंद बूट. शाळेतलं भिंग मिळालं तर फारच छान. फोन असू द्या, पण आवाज बंद करून खिशात. फोटो शेवटच्या पाच मिनिटांत काढायचा. आधी काढला की डोळे काम सोडतात.

सांभाळा: पावसाळ्यात धुऱ्यावरच्या गवतात हात घालण्याआधी काठीनं हलवून घ्या. घोणस आणि फुरसं गवतात, दगडाखाली सहज असतात. आभाळ गरजायला लागलं की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि फवारणी कधी झाली तेही विचारून घ्या. वाघाची ये-जा असलेल्या भागात पहाटे एकट्यानं जंगलाकडे जाऊ नका, गावातलीच जागा निवडा.

## टप्पा १: बसा आणि गप्प राहा

पहिली वीस मिनिटं फक्त बसायचं आहे. हरिपाठ नाही, नामजप मोठ्यानं नाही, मुलांना समजावून सांगणंही नाही. आपण पोचलो की त्या जागेचं कामकाज थांबतं. टिटवी ओरडून सगळ्यांना सावध करते, खार झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाते, बेडूक गप्प होतात. ते परत सुरू व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण द्यायचा असतो.

सगळ्यात जास्त लोक इथंच घाई करतात. पाचव्या मिनिटाला ‘काहीच नाही दिसत’ म्हणून उठतात.

तपासा: टिटवी शांत झाली का? खार पुन्हा खाली उतरली का? मुंग्यांची रांग तुमच्या पायाला वळसा घालून चालू लागली का? यातलं एक जरी झालं असेल तर पुढच्या टप्प्याला जा. नसेल तर आणखी बसा.

## टप्पा २: एकच गोष्ट हाती घ्या

‘निसर्ग’ पाहता येत नाही. एक फूल पाहता येतं. भाद्रपदात, आश्विनात कपाशीइतकी सोपी गोष्ट आपल्याकडे दुसरी नाही, आणि कपाशीतच आयुष्य गेलेल्या कास्तकारानंही ती या नजरेनं क्वचितच पाहिलेली असते.

सकाळी नऊच्या सुमारास नुकतं उमललेलं एक फूल निवडा. ते फिकट पिवळसर, दुधाच्या सायीच्या रंगाचं असेल. त्याच्या देठाला पांढरा दोरा सैल बांधा. वहीत वेळ लिहा, फूल काढा. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. काढताना पाकळ्या किती, त्या एकमेकींवर कशा चढल्यात, खालची तीन झालरीदार पानं कशी धरून बसलीत, हे पाहावंच लागतं, त्यासाठी चित्र आहे.

आता त्याच झाडाचं एक पान उलटं करा. मधल्या जाड शिरेवर, देठापासून थोडं वर, एक बारीकसा खळगा दिसेल. भिंगातून पाहिलं तर त्यात गोड रसाचा थेंब चमकतो. फुलाशी संबंध नसलेला हा रस पानाच्या पाठीवर कशाला? थोडा वेळ थांबलात तर मुंग्या त्यावर येताना दिसतील. झाड त्यांना खाऊ घालतं आणि पानांवर फिरता फिरता त्या बारीक किडी, अंडी उचलून नेतात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत या. दोरा बांधलेलं फूल गुलाबी झालेलं असेल. शेजारी नवं फूल सायीच्या रंगाचं उमललेलं असेल. एकाच झाडावर दोन रंग का, याचं उत्तर तुमच्या दोऱ्यानं दिलेलं असतं. पुढं दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतात आणि आत हिरवं इवलंसं बोंड राहतं. ते पिकून फुटायला साधारण दीड महिना लागतो. दोरा तोवर तिथंच राहू द्या.

कपाशी नसेल तर तूर घ्या, धुऱ्यावरची बाभूळ घ्या, फाल्गुनात पळस घ्या. पळसाला पानं तीनच हे सगळ्यांना पाठ असतं. ती तीन दलं मिळून एकच पान होतं, हे हातात घेऊन पाहिलेले फार थोडे.

नेहमीची चूक: टोमॅटोत गणपती दिसला, लाकडात ॐ उमटला, अशा गोष्टी शोधत बसणं. देवाची ओळख पटायला अशा खुणांची गरज लागत नाही. ज्या फुलावर त्यानं मन लावून काम केलंय ते सोडून आपण भलत्याच आकारात त्याला शोधतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

## टप्पा ३: मोजा

‘भरभरून दिलंय’ म्हणजे किती? मोजलं की अंगावर काटा येतो. दोन मोजमापं सांगतो, दोन्ही घरच्या सामानात होतात.

पाऊस. सरळ उभ्या भिंतींचा पत्र्याचा डबा घ्या. वर-खाली सारखाच रुंद हवा. निमुळती बादली किंवा पेला चालत नाही, तिथं आकडा खोटा येतो. डबा मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, विटांमध्ये घट्ट बसवून ठेवा. जमिनीवरचे शिंतोडे आत उडू नयेत इतका उंच असू द्या. रोज सकाळी साडेआठला फुटपट्टी उभी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढलं ते लिहा आणि डबा रिकामा करून परत ठेवा. हवामान खातंही पाऊस साडेआठलाच मोजतं, त्यामुळे तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

आता हिशेब. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास ४,००० लिटर पाणी. डब्यात २५ मिलिमीटर भरलं असेल तर एका एकरावर १ लाख लिटर पडलं. उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर ५,००० लिटरचा धरा, म्हणजे वीस टँकर. एका रात्रीत, एका एकरावर, रस्ता नसलेल्या वावरातही, बिल न लावता. आणि तेही थेंबाथेंबानं.

हा हिशेब मुलांकडून करून घ्या, स्वतः सांगू नका. आपल्या वावराचे एकर घालून गुणाकार करू द्या. पाच एकरवाल्याच्या पोराचा आकडा पाटीवर मावत नाही तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा.

दाणा. ज्वारीचं भरलेलं एक कणीस घ्या. झोडून दाणे वेगळे करा आणि किराणा दुकानात तोलून आणा. त्यातले १० ग्रॅम बाजूला काढून मोजा. वाणाप्रमाणे साधारण तीनशे ते चारशे दाणे भरतील. त्यावरून सगळ्या कणसाचे दाणे काढा. कणीस ५० ग्रॅमचं असलं तरी दीड-दोन हजारांच्या घरात आकडा जातो. त्याच्या शेजारी एकच दाणा ठेवा, जो पेरला होता.

ज्वारी आता कमी झालीय. तीळ, अंबाडी, बाजरी, काहीही घ्या. तुरीच्या एका झाडाच्या शेंगा मोजल्या तरी काम होतं.

तपासा: वहीत आकडा आहे का? ‘खूप’, ‘भरपूर’, ‘अगणित’ हे शब्द असतील तर ते खोडा आणि परत मोजा.

## टप्पा ४: कारागिरी पाहा

देणं मोजलं, आता घडवण्याकडे वळा. यासाठी सुगरणीच्या घरट्याइतका चांगला गुरू नाही. जून ते सप्टेंबर विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे किंवा शिंदीकडे जा. वीस-पंचवीस पावलं दूर बसा, त्याहून जवळ नको.

१. आधी विणकर ओळखा. डोक्यावर पिवळी टोपी असलेला नर विणतो. घरट्याला सुगरणीचं नाव असलं तरी बांधकाम त्याचं.

२. तो पातं कसं आणतो ते पाहा. गवताच्या किंवा ज्वारीच्या पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, ती कड धरून उडतो, आणि उडतानाच लांब पट्टी फाटून येते.

३. घरटी अर्ध्यावर थांबलेली दिसतील, टोपीसारखी, खाली आडवी कडी असलेली. हे अपुरं काम टाकून दिलेलं नसतं. इथं मादी येते, आत फिरते, ओढून-ताणून पाहते. तिला पटलं तरच पुढं प्रवेशाची लांब नळी विणली जाते. नापसंत घरटं तसंच लटकत राहतं.

४. आतल्या बाजूला तो ओली माती लावतो. ती पाहायची असेल तर दिवाळीनंतर खाली गळून पडलेलं घरटं उचला आणि आत बोट फिरवा.

५. झाडाच्या कोणत्या बाजूला घरटी जास्त आहेत, मोजा. बहुतेक वेळा पूर्वेकडे असतात. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्याच्या आडोशाला.

आता एक काम हातानं करा, हे टाळू नका. ओल्या गवताच्या चार लांब पात्या घ्या. अंगठा आणि तर्जनी, एवढी दोनच बोटं वापरून त्या काडीला गुंफून गाठ मारा. दुसरा हात पाठीमागे. सुगरण पक्ष्याकडे दोनच टोकांची चोच असते आणि तो ते लटकत, वाऱ्यात, खाली विहीर असताना करतो. दहा मिनिटांत मोठी माणसंही हात टेकतात. कौतुक कुणाचं करायचं हे मग कुणाला सांगावं लागत नाही.

सांभाळा: हंगामात घरटं काढून दिवाणखान्यात टांगू नका. आत अंडी असू शकतात. जुन्या घरट्यांत पुढं मुनिया राहायला येतात, म्हणून सगळी वेचून आणू नका. एक पुरे.

इथं कुणीतरी विचारतंच, ‘वाऱ्याची दिशा, मुंग्यांचा रस, ही सगळी कारणं शास्त्र सांगतं, मग देव कुठं आला?’ माझं मत सरळ आहे. कारण कळल्यानं कारागिरी कमी होत नाही. लुगड्याची वीण कशी घातली ते समजलं म्हणून विणकर नाहीसा होत नाही. मुलांना शास्त्रातलं कारण पूर्ण सांगा, अर्धवट सांगून ‘ही देवाची लीला’ म्हणत वेळ मारून नेऊ नका.

## टप्पा ५: वाटेकरी शोधा

हे सगळं फक्त माणसासाठी आहे असं धरून चाललं की पाहणं आखूड होतं. उंबराखाली जा. दत्ताचं झाड म्हणून आपण त्याला प्रदक्षिणा घालतो, पण फळ फोडून पाहत नाही. खाली पडलेलं एक उंबर उचला, मधोमध चिरा, भिंग लावा. आतल्या भिंतीवर दाटीनं बसलेल्या बारीक बारीक गोष्टी म्हणजे उंबराची फुलं. ती बाहेर कधी येतच नाहीत. फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, तिथं अंडी घालते आणि तिच्यामुळेच फुलं फळतात. चिरलेल्या उंबरात त्या माश्या सापडल्या की ‘किडकं’ म्हणून फेकू नका. त्या नसतील तर उंबरात बी धरणार नाही.

मग एक तास अंतरावर बसून यादी करा. कोण येतं, काय खातं, वर खातं की खाली पडलेलं. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, तांबट, कोकीळ, राखी धनेश, खार, वानरं. संध्याकाळी परत जा, वटवाघळांची पाळी तेव्हा असते. उंबर वर्षातून अनेकदा फळतं आणि भर उन्हाळ्यात बाकी झाडं रिकामी असतानाही त्याच्याकडे काही ना काही असतं.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडच्या वाचकांनी मार्च-एप्रिलमध्ये मोह घ्यावा. रात्री वटवाघळं फुलांवर येतात, पहाटे फुलं टपटप गळतात, मग अस्वल, हरणं, ढोरं आणि टोपलं घेऊन माणसं, सगळ्यांना त्याच झाडाखाली मिळतं. पुरतं उजाडल्यावरच जा आणि सोबतीनं जा. अस्वल आणि माणूस एकाच वेळी एकाच झाडाखाली आले की जीव जातात. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवू नका. तीच आग जंगलात शिरते. झाडून काढा किंवा जुनी साडी अंथरा.

वाटेकऱ्यांत रोही (नीलगाय) आणि रानडुक्करही येतात, हे कास्तकाराला मी वेगळं सांगायला नको. रात्रभर जागल करणाऱ्याला ‘त्यांचाही वाटा असतो’ असं घरात बसून ऐकवू नका. नुकसान झालं असेल तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज वेळेत करा. पाहण्याच्या वहीत त्यांचं नाव लिहा, आणि झालेलं नुकसानही त्याच ओळीत लिहा.

## टप्पा ६: अवघड पान

हा टप्पा गाळला तर आधीचे सगळे पोकळ ठरतात. विदर्भात राहून देवाच्या उदारपणाबद्दल बोलायचं आणि गेलेल्या हंगामाबद्दल गप्प बसायचं, हे चालणार नाही. डब्यात २५ मिलिमीटर भरलं तेव्हा आनंद झाला. त्याच डब्यात एका दिवसात ६५ च्या वर गेलं की महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं. एकराला अडीच लाख लिटरहून जास्त, ते काळी माती पिऊ शकत नाही, आणि सोयाबीन उभ्या उभ्या पिवळं पडतं. कधी जुलैत तीन आठवडे डबा कोरडाच राहतो.

वहीचं एक पान याला द्या आणि त्याचे दोन भाग करा.

पहिल्या भागात माणसाच्या हातातलं लिहा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा कित्येकांनी सगळा दोष दैवावर टाकला. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी वावरात उभी ठेवली, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते, हे आपल्या हातातलं आहे. नाला बुजवला, धुऱ्यावरची झाडं तोडली, तेही इथंच येतं.

दुसऱ्या भागात ज्याचं उत्तर नाही ते लिहा. हातातोंडाशी आलेल्या गव्हावर गारा का पडल्या? शेजाऱ्याच्या वावरात पडल्या नाहीत, माझ्याच का? तिथं उत्तर लिहू नका. प्रश्न देवाला विचारा, रागानं विचारला तरी चालेल. आपल्या संतांनी विठोबाशी भांडणं केली आहेत आणि ती आपण प्रेमानं गातो.

हे करू नका: ज्याचं पीक गेलं किंवा घरातलं माणूस गेलं त्याला ‘देव परीक्षा पाहतो’, ‘मागच्या जन्मीचं’, ‘बघ तरी किती सुंदर सकाळ आहे’ यातलं काहीही म्हणू नका. त्याच्याकडे जाऊन बसा. डवरणी, वेचणी, जे काम अडलं असेल त्याला हात लावा. वही त्या दिवशी घरीच ठेवा.

## टप्पा ७: आभार, नेमके

आता देवाचं नाव घ्या. एका वेळी एकाच गोष्टीचे आभार माना आणि तिचं नाव घेऊन माना. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नको. ‘पांढऱ्या दोऱ्याच्या फुलासाठी’, ‘काल रात्रीच्या १८ मिलिमीटरसाठी’, ‘उंबरात शिरलेल्या माशीसाठी’ असं म्हणा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला आपण हेच करतो. ज्या खांद्यानं जू ओढलं त्याच खांद्याला हळद-लोणी चोळतो.

आणि हाताला एक काम लावून घ्या. धुऱ्यावर आपोआप उगवलेलं निंबाचं किंवा बोराचं रोप नांगरातून वाचवा. एप्रिल-मेमध्ये सावलीत पसरट मातीचं भांडं ठेवा, त्यात एक दगड टाका म्हणजे मधमाश्यांना बसता येईल, आणि पाणी रोज बदला. शिळ्या पाण्यात डास होतात. ज्वारीची चार कणसं पाखरांसाठी उभी राहू द्या.

## मंडळानं किंवा वर्गानं करायचं असेल तर

दहाच्या वर माणसं एका जागी नेऊ नका. जास्त असतील तर दोन-दोनच्या जोड्या करून वेगवेगळ्या झाडांशी बसवा. परतल्यावर सामुदायिक प्रार्थनेच्या आधी गोल बसा आणि प्रत्येकानं पाहिलेली एकच गोष्ट सांगावी, तीही दोन वाक्यांत. दुसऱ्यानं त्यात भर घालायची नाही आणि महाराजांनी त्यावर निरूपण करायचं नाही. आधी लहान मुलं बोलतील, मग बायका, पुरुष सगळ्यात शेवटी. उलट क्रम ठेवला तर मुलं मोठ्यांचंच ऐकून तेच सांगतात. सगळ्यांचं सांगून झालं की मग पेटी-तबला काढा.